नवा प्रयोग आणि त्याला लागणारी मोकळीक

(प्राथमिक शिक्षक व मुख्याध्यापक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळा हे मुलांचे शिकण्याचे ठिकाण आहे, या विषयावर आजवर पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. परंतु तीच शाळा शिक्षकाचे काम करण्याचेही ठिकाण आहे, आणि त्या ठिकाणची हवा कशी आहे यावर त्याच्या कामाचा कस अवलंबून असतो, या गोष्टीचा विचार त्या मानाने फारच थोडा होतो. सुतार आपल्या पडवीत किंवा विणकर आपल्या मागावर काम करता करता एखाद्या ठिकाणी अडतो, आणि तेथेच काहीतरी नवी युक्ती काढतो. ती साधली तर शेजारचा कारागीर ती पाहून उचलतो. न साधली तर लाकडाचा एक तुकडा वाया जातो, इतकेच. शिक्षकाचे तसे नाही. त्याने वर्गात काही नवे करून पाहिले आणि ते फसले, तर मुख्याध्यापक, तपासणी अधिकारी, पालक आणि सहकारी अशा चहू बाजूंनी त्याला जाब विचारला जाण्याची धास्ती असते. म्हणून बहुसंख्य शिक्षक शहाणपणाने मळलेली वाट धरतात. त्यांना त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. दोष असलाच तर तो त्या हवेचा आहे. ही हवा कोण घडवितो, आणि ती पालटता येते काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून आपल्याच व्यवसायातील एक उदाहरण घेणे बरे. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे नाव अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेल्या कोणाही शिक्षकाला नवे नाही. मूळचे ते वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करू लागले आणि त्या विचारातून माँटेसरीबाईंच्या ग्रंथांपर्यंत पोचले. पुढे वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले, आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर उघडले. ही माहिती सर्वांना असते. परंतु १९३२ मध्ये त्यांनी गुजरातीत प्रसिद्ध केलेले ‘दिवास्वप्न’ हे छोटे पुस्तक पुष्कळांच्या केवळ ऐकिवात असते. ज्यांनी ते वाचले आहे, त्यांनाही त्यातील गोष्टी सांगण्याची पद्धत तेवढी आठवते. वास्तविक, नव्या प्रयोगाला शाळेच्या आवारात काय काय सोसावे लागते, याचे इतके नेमके वर्णन क्वचितच आढळेल.

पुस्तक कल्पित आहे. एक सुशिक्षित, ध्येयवादी गृहस्थ शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि प्राथमिक शाळेचा एक वर्ग एका वर्षापुरता प्रयोगासाठी मागतो. अधिकारी चतुर आहेत. ते त्याची थट्टा करीत नाहीत, पण त्याच्या उत्साहावर भाळतही नाहीत. ते त्याला चौथीचा वर्ग देतात, आणि वर्षाच्या शेवटी परीक्षेत काय दिसते त्यावरून आपण पारख करू, असे बजावतात. म्हणजे पद्धतीची मोकळीक दिली, पण उद्दिष्टाची सूट दिली नाही. या एका गोष्टीत अधिकाऱ्याचे सारे शहाणपण आले आहे. पुष्कळदा याच्या अगदी उलट घडते: पाठ कसा घ्यावा, फळ्यावर काय लिहावे, भिंतीवर कोणता तक्ता लावावा हे सर्व ठरवून दिले जाते, आणि मुलाला अखेरीस वाचता आले की नाही याची विचारपूस मात्र सैल राहते.

मग प्रयोगाचा पहिला दिवस उजाडतो. या गृहस्थाने रात्रभर योजना आखलेली आहे. प्रारंभी शांततेचा खेळ, त्यानंतर पुढचे सर्व क्रमवार. तो खिडक्या लावून घेतो, मुलांना शांत बसावयास सांगतो, आणि वर्गात जो गोंधळ सुरू होतो त्याला पारावार राहत नाही. कोणी मांजराचा आवाज काढतो, कोणी पाय आपटतो. पुस्तकांतून शिकलेली सारी योजना एका तासात कोसळते. तो निमूटपणे मुलांना सुट्टी देऊन टाकतो, आणि परवानगीवाचून सुट्टी दिल्याबद्दल मुख्याध्यापकांचे बोल ऐकून घेतो.

गिजुभाईंनी पहिल्याच प्रकरणात आपल्या नायकाला तोंडघशी पाडले, ही त्यांच्या अनुभवाची खूण होय. कागदावर आखलेला नवा विचार वर्गात पाऊल टाकताच बहुधा असाच कोसळतो. तो गृहस्थ त्या रात्री मुलांना दोष देत नाही. आपली योजना या मुलांसाठी नव्हतीच, हे तो ओळखतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगावयास सुरुवात करतो. कालचा तोच वर्ग एकाग्र होऊन ऐकतो. गोष्ट मध्येच थांबवून तो हजेरी घेतो, तर मुले चटकन हजेरी देतात, कारण पुढे काय झाले ते त्यांना ऐकावयाचे असते. घंटा झाली तरी ती उठत नाहीत. तेथून पुढे वाचन, वर्गाचे छोटे पुस्तकालय, खेळ, स्वच्छता असा एकेक धागा निघत जातो.

पण या पुस्तकातील खरी करमणूक, आणि खरी वेदनाही, वर्गाच्या बाहेर आहे. सहकारी शिक्षक हसतात. गोष्टी सांगून का कोठे परीक्षा पास होतात, असे विचारतात. आम्हांलाही असा रिकामा वेळ मिळाला असता तर आम्हीही गोष्टी सांगितल्या असत्या, असा सूर निघतो. पाठ्यपुस्तकांऐवजी गोष्टींची पुस्तके आणवली म्हणून पालक कुरकुर करतात. या सर्वांपुढे तो शिक्षक टिकला, याचे श्रेय त्याच्या चिकाटीला आहेच; पण त्याहून अधिक श्रेय त्या अधिकाऱ्याला आहे. ते अधूनमधून येतात, शंका विचारतात, कधी नापसंतीही दर्शवितात. परंतु दिलेला शब्द वर्ष संपेपर्यंत मागे घेत नाहीत. पहिल्या दिवसाच्या फजितीनंतर त्यांनी वर्ग काढून घेतला असता, तर त्या पुस्तकाची पाने दहाच झाली असती.

हे झाले कल्पित. आता प्रत्यक्षात घडलेले पाहू. गिजुभाईंच्या बरोबर भावनगरला काम करणाऱ्या व्यक्तींत ताराबाई मोडक (१८९२–१९७३) होत्या. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयातील प्राचार्यपद सोडून त्या तेथे गेल्या होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यात त्यांचा वाटा होता. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. माँटेसरी पद्धतीच्या जाणकार म्हणून त्यांचे नाव देशभर झाले होते. अशा व्यक्तीने मिळालेल्या यशावर विसावावे, हे स्वाभाविक ठरले असते. पण माँटेसरीचे ते सुबक, घोटीव, महागडे साहित्य शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतेच राहणार की काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी या खेड्यात आल्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील हे गाव २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासमवेत अनुताई वाघ (१९१०–१९९२) आल्या. अनुताई बालविधवा, प्राथमिक शिक्षिकेचे शिक्षण घेऊन त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिकवीत होत्या. बालशिक्षणाचे क्षेत्र त्यांना तेव्हा नवे होते.

बोर्डीला बालवाडी निघाली, आणि पहिलीच अडचण उभी राहिली. गावातील बऱ्या स्थितीतील घरांची मुले आली. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता, ती दलित वस्तीतील व गोरगरिबांची मुले येईनात. अशा वेळी शाळांतून नेहमी जे उत्तर दिले जाते ते सर्वांच्या परिचयाचे आहे: आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणून शेरा मारावयाचा आणि पटावर गैरहजर लिहावयाचे. या दोघींनी मुलांनी येण्याची वाट पाहिली नाही. बालवाडीच त्यांच्या वस्तीत नेली. घरापुढचे अंगण हीच शाळा. त्या अंगणातील बालवाडीला त्यांनी अंगणवाडी असे नाव दिले. पुढे ऑक्टोबर १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर पसरला. आज खेडोपाडी तो इतका रुळला आहे की, एका गावातील गैरहजेरीच्या अडचणीतून तो जन्मला, हे सांगितले तर नवल वाटते.

साहित्याचेही तसेच. शहरातील साहित्य खेड्यात आणावयास पैसा नव्हता. आणि असता तरी गोरगरिबांच्या अंगणात ते परकेच वाटले असते. तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती, बांबू यांतून साहित्य निघाले. हे सांगावयास सोपे आहे. परंतु ज्या व्यक्तीने आयुष्याची वीसएक वर्षे एका पद्धतीच्या अभ्यासात घालविली, तिने त्या पद्धतीची बाह्य साधने बाजूस ठेवून तिचे मर्म तेवढे जपावे, याला फार मोठे मन लागते. वरिष्ठाने प्रथम स्वतःची सवय मोडली, म्हणून कनिष्ठाला नवे सुचविण्याचे धैर्य आले, असे या कामाकडे पाहून म्हणता येईल. जेथे वरिष्ठ स्वतः काहीच बदलावयास तयार नसतात, तेथे कनिष्ठांकडून नवनिर्मितीची अपेक्षा करणे, हा एक प्रकारचा विनोदच होय.

१९५७ च्या सुमारास हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली आदिवासींची वस्ती. येथे नव्या अडचणी. मोठी मुले दिवसभर गुरे राखीत. ती शाळेत येणार केव्हा? तेव्हा शिक्षकाने गुरांच्या मागे कुरणात जावयाचे ठरले, आणि त्यातून कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली शिकत आहेत, असा तो प्रकार. मुलींची अडचण निराळी होती. आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असावयाचे. ते टाकून ती शाळेत कशी येणार? आणि घेऊन आली, तर वर्गात ते रडणार! यावर विकासवाडी हे उत्तर निघाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, आणि ताई आपल्या वर्गात. घरातील कामाची पद्धत न मोडता ती मुलगी शाळेत आली. अनुताईंनी ताराबाईंच्या मागेही हे काम जवळजवळ दोन दशके चालविले.

या तीनही गोष्टींकडे बारकाईने पाहिले तर एक साम्य दिसते. अंगणवाडी, कुरणशाळा, विकासवाडी यांपैकी एकही कल्पना ‘आता काहीतरी नवे करू या’ अशा संकल्पातून निघालेली नाही. प्रत्येकीच्या मुळाशी एक विशिष्ट मूल आहे आणि त्याच्या वाटेतील एक विशिष्ट अडथळा आहे. वस्तीतील मूल लांब येत नाही. गुराख्याला वेळ नाही. ताईच्या कडेवर बाळ आहे. अडथळा नेमका दिसला, की उपाय पुष्कळदा अगदी साधा असतो. कठीण असते ते पाहणे. पट, टक्केवारी आणि तक्ते यांतून मूल दिसत नाही. त्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जावे लागते.

याच्या उलट बाजूचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांचा बोलबाला काही वर्षांपूर्वी राज्यभर झाला. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षक यांनी मिळून, मूल स्वतः हाताळून, पाहून, बोलून शिकते, या तत्त्वावर वर्गांची मांडणी बदलली. जून २०१५ मध्ये राज्य शासनाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम हाती घेतला, त्या काळात राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षकांच्या तुकड्या ते काम पाहावयास गेल्या. पाहावयास जाणे उत्तमच. जे खरोखर पाहून आले, त्यांनी मुले कशी बोलतात, शिक्षक केव्हा गप्प राहतो, चुकलेल्या मुलाला काय म्हणतो, हे पाहिले. पण कित्येकांनी फक्त खाली पाहिले. तेथे फरशीवर अक्षरे, अंक व आकृत्या रंगविलेल्या होत्या. परत आल्यावर कित्येक गावांतून रंगाचे डबे आले, लोकवर्गणी झाली, फरश्या रंगल्या, छायाचित्रे निघाली. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या रंगीत फरशीवर मुले पूर्वीसारखीच रांगेत बसून पाढे घोकू लागली. रंगाचा दोष नाही, पाहण्याचा आहे. ज्या शिक्षकांनी ती फरशी प्रथम रंगविली, त्यांच्यापुढे एक प्रश्न होता. नक्कल करणाऱ्यापुढे फक्त फरशी होती.

यात शिक्षकाचा उतावीळपणा जितका आहे, तितकाच वरून येणाऱ्या घाईचाही भाग आहे. एखाद्या शाळेत एखादी गोष्ट साधली, की ती सर्व शाळांनी अमुक तारखेपर्यंत करावी आणि तसा अहवाल पाठवावा, असा आदेश निघतो. मग ज्या गोष्टीत जिवंतपणा होता ती एका रात्रीत रकाना होऊन बसते. हुकमाने शाळा झाडून निघते, भिंतींना चुना लागतो, पट भरतो. हुकमाने कल्पना सुचत नाही. परिपत्रकाच्याच पानावर हे वाक्य छापले जावे, यात थोडी गंमत आहे खरी. पण ते छापले जाणे आवश्यकही आहे.

मग मुख्याध्यापकांनी आणि अधिकाऱ्यांनी करावे तरी काय? बरेच काही करता येण्यासारखे आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

शाळेला भेट देणारा अधिकारी वर्गात शिरताच पहिला प्रश्न कोणता विचारतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘नवीन काय केले?’ असे विचारले, तर शिक्षक काहीतरी नवे दाखवितो. पुष्कळदा ते त्या भेटीपुरतेच असते. त्याऐवजी ‘या वर्गात कोणते मूल अडले आहे, आणि कोठे?’ असे विचारून पाहावे. प्रथम शिक्षक दचकेल. अडचण सांगितली तर ती आपल्याच नावावर लिहिली जाईल, अशी शंका त्याला येईल, आणि ती शंका अनुभवातून आलेली असल्यामुळे तिला हसण्याचे कारण नाही. पण तीन-चार भेटींत अधिकाऱ्याने हाच प्रश्न विचारला, उत्तर ऐकून घेतले, आणि त्यातून शिक्षकाचे काही बिघडले नाही, असे दिसले, की तो मोकळेपणाने बोलू लागेल. समजा, तिसरीच्या वर्गातील मुलगा घरी पावरी किंवा गोंडी बोलतो आणि पुस्तकातील मराठी त्याला परकी आहे. शिक्षक म्हणतो, याला वाचता येत नाही. थोडे खोदून विचारले तर कळते की अक्षरे त्याला येतात. शब्द जुळवून म्हणताही येतो. पण म्हटलेल्या शब्दाचा अर्थ त्याच्या मनात उमटत नाही. अडथळा येथवर नेमका झाला, की त्याच्या भाषेतील शब्द गोळा करून वर्गात एक छोटा शब्दसंग्रह करावा, आजीने सांगितलेली गोष्ट त्याच्याच बोलीत फळ्यावर उतरवून घ्यावी, असे उपाय शिक्षकाला स्वतःलाच सुचू लागतात. बाहेरून कोणी ते सांगावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट मुदतीची. नवे करून पाहावयाचे तर ते लहान असावे आणि त्याला सीमा असावी. एक वर्ग, एक विषय, एक महिना. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परत येतात. त्यांच्यासाठी काही करावयाचे असेल, तर परतल्यानंतरचे पहिले तीन आठवडे एवढाच काळ घ्यावा. त्यांनी मध्यंतरी बैलगाडीच्या तळावर काय पाहिले, मोळ्या कशा मोजल्या, वजन कसे झाले, यावरून गणित सुरू होते का, ते पाहावे. होत नसेल, तर तीन आठवड्यांनी सोडून द्यावे. वेळ ठरलेली असली, की अपयश मर्यादित राहते आणि मुख्याध्यापकालाही परवानगी देण्यास धीर येतो. मुलांच्या वर्षावर मनमानी करण्याचा हक्क कोणाही शिक्षकाला नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘दिवास्वप्ना’तील अधिकाऱ्याने वर्षाच्या शेवटी परीक्षा ठेवली होती, ती याचसाठी. ज्या प्रयोगातून मुलाला वाचावयास, लिहावयास, हिशेब करावयास अधिक चांगले येऊ लागत नाही, तो दिसावयास कितीही मोहक असला तरी शाळेच्या उपयोगाचा नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. ती सहकाऱ्यांच्या हसण्याची. अधिकाऱ्याच्या रागापेक्षा शेजारच्या वर्गातील गुरुजींचे एक वाक्य अधिक लागते. ‘काय, पुरस्काराची तयारी चालली आहे वाटते!’ एवढे म्हटले, की नवखा शिक्षक दुसऱ्या दिवशी आपले खडे आणि बिया कपाटात ठेवून देतो. हे हसणे दुष्टपणाचेच असते असे नाही. पुष्कळदा त्यात आपल्या कामाची किंमत कमी होईल, अशी भीती असते. वीस वर्षे निष्ठेने शिकविलेल्या शिक्षकाला, कालच आलेला मुलगा सर्वांपुढे नावाजला जातो, याचे वाईट वाटणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. मुख्याध्यापक समंजस असेल, तर तो नव्या शिक्षकाची स्तुती करण्याआधी जुन्या शिक्षकाला त्या कामात घेतो. गावातील कोणते घर कोणत्या हंगामात कोठे जाते, कोणाचा मुलगा कोणाच्या भीतीने शाळा टाळतो, हे त्या जुन्या शिक्षकालाच ठाऊक असते. आणि नव्याला नेमकी तीच माहिती हवी असते. एक पाहतो, दुसरा करतो, असे जोडकाम जमले तर हसण्याला जागाच उरत नाही. बक्षिसांविषयीही येथे दोन शब्द. एकट्या शिक्षकाला शाल-श्रीफळ देऊन गौरविण्यात गैर काही नाही. पण शाळेतील काम बहुधा एकट्याचे नसते, आणि गौरवाच्या दिवशी बाजूला बसलेल्यांच्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नाही.

द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. तेथे सल्ला घ्यावयास एकच माणूस, आणि तोही पुष्कळदा टपालाच्या, आहाराच्या, माहितीच्या कामात अडकलेला. ही कामे कमी झाली पाहिजेत, याविषयी शिक्षकांची तक्रार रास्त आहे, आणि ती केवळ शिक्षकांच्या उत्साहाने भरून निघणारी नाही. वेळ हा कोणत्याही नव्या विचाराचा पहिला कच्चा माल होय. तोवर, दोन-तीन किलोमीटरवरच्या शेजारच्या शाळेतील एक शिक्षक आपला सोबती मानून महिन्यातून एकदा एकमेकांचा वर्ग पाहावयाचा, एवढी सोय केंद्रप्रमुख सहज करून देऊ शकतात. पाहावयास आलेल्याने सूचना करू नयेत. काय दिसले तेवढेच सांगावे. ‘तुम्ही प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट न पाहता पुढच्या मुलाकडे वळता,’ हे वाक्य स्नेह्याच्या तोंडून आले तर उपयोगी पडते, आणि तपासणीच्या शेऱ्यात आले तर जिव्हारी लागते. वाक्य तेच असते.

शेवटी नोंदीविषयी. चांगली युक्ती शिक्षकाच्या बदलीबरोबर शाळेतून निघून जाते, हा नेहमीचा अनुभव. म्हणून शाळेत एक साधी वही असावी. तिला नमुना नको, रकाने नकोत, शिक्का तर नकोच. कोणते मूल कोठे अडले, काय करून पाहिले, आणि मुलांनी काय केले, एवढे तिच्यात लिहावे. जे साधले नाही तेही लिहावे; किंबहुना तेच अगोदर लिहावे, म्हणजे नंतर येणाऱ्याचा महिना वाचतो. कोसबाडच्या टेकडीवरील अनुभव अनुताईंनी लिहून ठेवले, म्हणून आज ते वाचावयास मिळतात. लिहिण्याचा कंटाळा केलेल्या शिक्षकांच्या किती युक्त्या त्यांच्याबरोबरच निवृत्त झाल्या, याची गणती कोण करणार?

केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत या वहीसाठी पहिला अर्धा तास राखून ठेवता येईल. आरंभी मुख्याध्यापकांपैकी किंवा केंद्रप्रमुखांपैकी एकाने स्वतःच्या नोकरीतील एक फसलेला पाठ सांगावा, म्हणजे इतरांची जीभ मोकळी होईल. त्यानंतर दोन शिक्षकांनी आपापल्या वहीतील एकेक पान वाचून दाखवावे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. या अर्ध्या तासाचे इतिवृत्त लिहिले जाणार नाही, त्याचे छायाचित्र काढले जाणार नाही, आणि त्याचा अहवाल कोणत्याही कार्यालयाकडे जाणार नाही, एवढे आश्वासन केंद्रप्रमुखांनी पहिल्याच परिषदेत द्यावे आणि ते पाळावे.